विश्लेषण : गाडीतला ऑक्सिजन सेन्सर ‘सुस्त’ का होतो? वॉल्टर नर्न्स्ट यांच्या आयुष्यात दडलेले उत्तर

डॅशबोर्डवर पिवळा ‘चेक इंजिन’ दिवा लागतो. गाडी चालत असते, पिकअपही ठीक वाटतो, फक्त ॲव्हरेज थोडे घसरलेले असते. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की पी ०१३३ हा कोड दिसतो. त्याचा अर्थ, इंजिनाजवळच्या पहिल्या ऑक्सिजन सेन्सरचा प्रतिसाद संथ झाला आहे. सेन्सर बंद पडलेला नाही. तो चुकीचेही सांगत नाही. जे सांगायचे ते उशिरा सांगतो, एवढेच. यावर गॅरेजमधले उत्तर बहुधा ठरलेले असते : सेन्सर बदलून टाका. काही हजारांचे बिल होते आणि कधी कधी थोड्याच दिवसांत तोच दिवा पुन्हा लागतो.

हा उशीर नेमका कुठे होतो, हे समजून घ्यायचे तर एका जर्मन शास्त्रज्ञाची ओळख करून घ्यावी लागते. नाव वॉल्टर नर्न्स्ट. हा सेन्सर ज्या समीकरणावर चालतो ते त्यांचे. तो ज्या सिरॅमिकचा बनतो त्याचा पहिला मोठा उपयोग त्यांनीच केला. आणि तो संथ का पडतो, हे ज्या सिद्धांताने कळते तोही त्यांचाच. विशेष म्हणजे त्यांना मोटारगाड्यांचे वेड होते. मात्र या तीन गोष्टी एका गाडीत एकत्र आल्या त्या त्यांच्या मृत्यूनंतर ३५ वर्षांनी.

कोण होते नर्न्स्ट?

वॉल्टर नर्न्स्ट यांचा जन्म २५ जून १८६४ रोजी पश्चिम प्रशियातील ब्रीझेन या गावी झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. वडील न्यायाधीश होते. शाळेत असताना नर्न्स्ट यांना कवी व्हायचे होते. पुढे कविता मागे पडली, नाटकाची आवड मात्र राहिली.

त्या काळी जर्मन विद्यार्थी एकाच विद्यापीठात शिकत नसत, चांगला प्राध्यापक जिथे असेल तिथे जात. नर्न्स्ट झुरिक, बर्लिन, ग्राझ आणि व्युर्त्सबुर्ग असे फिरले. ग्राझला त्यांनी एटिंग्सहाउझेन यांच्यासोबत काम केले. धातूच्या पट्टीत उष्णता वाहत असताना चुंबकीय क्षेत्र लावले तर पट्टीत विद्युतदाब निर्माण होतो, हे दोघांनी १८८६ मध्ये दाखवले. तेव्हा नर्न्स्ट २२ वर्षांचे होते. पुढच्या वर्षी व्युर्त्सबुर्गला डॉक्टरेट मिळाली आणि ऑस्टवाल्ड यांचे साहाय्यक म्हणून ते लाइपझिगला गेले.

लाइपझिगमध्ये त्या वेळी एक नवे शास्त्र आकार घेत होते, भौतिकी रसायनशास्त्र. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन होतात, हे अरेनियस यांचे म्हणणे नवे होते आणि अनेक जुन्या रसायनशास्त्रज्ञांना ते पटत नव्हते. नर्न्स्ट यांनी त्याच कल्पनेवर उभे राहून एक जुना प्रश्न हाती घेतला. बॅटरीत वीज तयार होते हे व्होल्टाच्या काळापासून माहीत होते. पण अमुक बॅटरी अमुकच व्होल्ट का देते?

१८८९ चे समीकरण काय सांगते?

पंचविशीतल्या नर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये याचे उत्तर दिले. एखाद्या पदार्थाचे प्रमाण एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असेल, तर जास्तीकडून कमीकडे जाण्याची त्याची ओढ असते. आयनांच्या बाबतीत ही ओढ व्होल्टमध्ये मोजता येते. दोन्ही बाजूंचे प्रमाण आणि तापमान माहीत असेल तर व्होल्टेज कागदावर काढता येते. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी केमिस्ट्रीच्या पेपरसाठी आमच्यापैकी बहुतेकांनी पाठ करून सोडून दिलेले ‘नर्न्स्ट समीकरण’ ते हेच. गाडीशी त्याचा संबंध आहे, हे त्या वर्गात क्वचितच कुणी सांगते.

या समीकरणात प्रमाणांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम येतो. गाडीच्या दृष्टीने सगळी गंमत या लॉगमध्येच आहे. ऑक्सिजन सेन्सरच्या आत बाहेरची ताजी हवा असते, तिच्यात ऑक्सिजन सुमारे २१ टक्के. बाहेरच्या अंगाला सायलेन्सरकडे जाणारा धूर असतो. इंजिनात पेट्रोल कमी पडले, म्हणजे मिश्रण ‘लीन’ झाले, तर धुरात समजा एक टक्का ऑक्सिजन उरतो. गुणोत्तर झाले २१. सेन्सरचे तापमान ६०० अंश सेल्सियस धरून समीकरणात आकडे टाकले तर उत्तर येते साधारण ०.०६ व्होल्ट. आता पेट्रोल किंचित जास्त झाले, म्हणजे मिश्रण ‘रिच’ झाले, की धुरातला मोकळा ऑक्सिजन जवळजवळ संपतो. तो किती संपतो? एकाला एकावर २० शून्ये असलेल्या संख्येने भागावे, इतका दाब उरतो. तेच समीकरण आता सुमारे ०.८४ व्होल्ट देते.

पेट्रोल आणि हवेचे प्रमाण थोडेसेच हलले, पण व्होल्टेजने एकदम उडी मारली. वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल या बिंदूच्या आसपास ही उडी होते. गाडीच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, एवढेच हवे असते. ०.४५ व्होल्टच्या वर गेले की पेट्रोल थोडे कमी कर, खाली आले की थोडे वाढव. त्यामुळे गरम इंजिनात चांगल्या सेन्सरचा आलेख ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत खालीवर होत राहतो.

मात्र या समीकरणात एक गोष्ट कुठेच नाही : वेळ. सगळे स्थिरावल्यावर व्होल्टेज किती असेल ते समीकरण सांगते. तिथे पोहोचायला किती वेळ लागेल, यावर ते गप्प असते. संथ सेन्सरचा दोष नेमका इथे लपतो.

दिव्याने केले श्रीमंत

१८९० च्या सुमारास नर्न्स्ट गॉटिंगनला गेले. तिथे त्यांनी एमा लोमायर यांच्याशी लग्न केले, १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे पाठ्यपुस्तक पुढच्या पिढीने वापरले आणि त्यांच्यासाठी विद्यापीठात स्वतंत्र संस्था उभी राहिली. पण सामान्य लोकांपर्यंत त्यांचे नाव पोहोचवले ते एका दिव्याने.

एडिसनच्या दिव्यात तेव्हा कार्बनची तार असे. ती हवेत जळून जाते, म्हणून काचेचा गोळा निर्वात करावा लागे. प्रकाशही पिवळसर आणि वीज बरीच खाणारा. नर्न्स्ट यांनी १८९७ मध्ये वेगळाच मार्ग काढला. त्यांनी झिर्कोनियम ऑक्साइडमध्ये थोडे यिट्रियम ऑक्साइड मिसळून त्याची बारीक कांडी केली. ऑक्साइडच असल्याने ती हवेत जळण्याचा प्रश्न नव्हता. निर्वात गोळा नको, आणि प्रकाश अधिक पांढरा.

अडचण एकच होती. थंड असताना ही कांडी वीज वाहूच देत नाही. ती आधी बाहेरून तापवावी लागते. पुरेशी तापली की मग वीज वाहू लागते आणि कांडी स्वतःच्या उष्णतेने प्रकाशते. सुरुवातीला त्यासाठी ज्योत धरावी लागे. नंतरच्या दिव्यांत कांडीजवळ तापणारी तार बसवली गेली आणि दिवा पेटला की ती आपोआप बंद होईल अशी सोय केली. तरीही बटण दाबल्यावर लगेच उजेड पडत नसे, थोडे थांबावे लागे.

एईजी या जर्मन विद्युत कंपनीने या दिव्याचे हक्क घेतले. रक्कम दहा लाख मार्क असल्याचे सांगितले जाते. प्राध्यापकाच्या दृष्टीने ही डोळे विस्फारणारी कमाई होती आणि सहकाऱ्यांत त्याची चर्चा झाली. पॅरिसच्या १९०० च्या जागतिक प्रदर्शनात एईजीचे दालन या दिव्यांनी उजळले. अमेरिकेत वेस्टिंगहाऊस यांनी त्याचे उत्पादन केले. पण काही वर्षांतच धातूच्या तारेचे, नंतर टंगस्टनचे दिवे आले आणि ‘नर्न्स्ट दिवा’ घरांतून गेला. प्रयोगशाळांमध्ये अवरक्त किरणांचा स्रोत म्हणून तो पुढे अनेक दशके वापरात होता.

इथे वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आजच्या साध्या ऑक्सिजन सेन्सरच्या टोकाला जे पांढरे सिरॅमिक असते, ते याच कुळातले आहे : झिर्कोनियम ऑक्साइड, त्यात थोडे यिट्रियम ऑक्साइड. साधारण ३०० अंशांच्या खाली तेही काम करत नाही. म्हणूनच सेन्सरच्या आत हीटर बसवलेला असतो. दिव्याची जी खोड १८९७ मध्ये होती, तीच आज कोड पी ०१३३ च्या मागे असलेल्या संशयितांपैकी एक आहे.

प्राध्यापक आणि त्यांच्या गाड्या

दिव्याच्या पैशांतून नर्न्स्ट यांनी जे काही केले त्यात मोटारगाडी होती. गॉटिंगनमध्ये गाडी घेणाऱ्या पहिल्या काही लोकांत ते होते. त्या काळच्या गाड्या म्हणजे मालकाला मेकॅनिकही असावेच लागे. रस्त्यात बंद पडणे हा प्रवासाचाच भाग होता. चढावर इंजिन दमू नये म्हणून त्यांनी गाडीत नायट्रस ऑक्साइडची नळकांडी ठेवली होती, अशी हकिगत त्यांच्याबद्दल सांगितली जाते. आज शर्यतीच्या गाड्यांमध्ये ‘नायट्रो’ म्हणून जे वापरतात ते हेच. हा वायू तापला की फुटतो आणि इंजिनाला जादा ऑक्सिजन मिळतो. म्हणजे इंजिनातल्या ऑक्सिजनचा हिशोब त्यांच्या डोक्यात होताच, फक्त तो मोजणारे साधन नव्हते.

याच काळातले त्यांचे आणखी एक काम फारसे कुणी गाडीशी जोडत नाही. घन पदार्थाच्या पृष्ठभागावर होणारी प्रक्रिया किती वेगाने होईल, या प्रश्नावर त्यांनी १९०४ मध्ये सिद्धांत मांडला. पृष्ठभागावरची प्रत्यक्ष प्रक्रिया बऱ्याचदा झटपट होते; वेळ लागतो तो पदार्थाला पृष्ठभागालगतच्या पातळ, स्तब्ध थरातून झिरपत तिथे पोहोचायला. थर जितका जाड, तितका उशीर. समीकरणात नसलेली वेळ इथे सापडते.

१९०५ मध्ये त्यांना बर्लिन विद्यापीठाने बोलावले. गॉटिंगनहून बर्लिनला ते कुटुंबासह उघड्या मोटारीतून गेले.

तिसरा नियम आणि आइनस्टाइन यांची निवड

बर्लिनमध्ये आल्यावर लगेचच त्यांनी जो सिद्धांत मांडला, तो आज उष्मागतिकीचा तिसरा नियम म्हणून शिकवला जातो. तापमान निरपेक्ष शून्याकडे, म्हणजे उणे २७३ अंशांकडे सरकते तसा पदार्थांच्या एन्ट्रॉपीतला फरक नाहीसा होत जातो. याचा व्यावहारिक उपयोग असा, की एखादी रासायनिक प्रक्रिया कुठपर्यंत जाईल हे केवळ उष्णतेच्या मोजमापांवरून आधीच सांगता येते. अमोनिया तयार करण्याच्या आकड्यांवरून त्यांचा १९०७ मध्ये फ्रिट्झ हाबर यांच्याशी जाहीर वाद झाला. हाबर यांचे आकडे त्यांच्या सिद्धांतात बसत नव्हते. वाद कडवट होता, पण त्यानंतर हाबर जास्त दाबाच्या प्रयोगांकडे अधिक जोमाने वळले आणि त्यातून कृत्रिम खतांचा मार्ग खुला झाला.

सिद्धांत तपासायचा तर अतिशीत तापमानाला पदार्थांची उष्णताधारकता मोजावी लागते. ही किचकट मोजमापे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे केली. त्यातून दिसले की आइनस्टाइन नावाच्या तरुणाने १९०७ मध्ये क्वांटम कल्पनेवरून केलेले भाकीत बऱ्याच अंशी खरे आहे. नर्न्स्ट १९१० मध्ये स्वतः झुरिकला जाऊन त्याला भेटले. क्वांटमवर चर्चा व्हायला हवी म्हणून बेल्जियन उद्योगपती सॉल्वे यांना त्यांनी तयार केले आणि १९११ मध्ये ब्रसेल्सला पहिली सॉल्वे परिषद भरली. १९१३ मध्ये प्लांक आणि नर्न्स्ट पुन्हा झुरिकला गेले, या वेळी आइनस्टाइन यांना बर्लिनला आणण्यासाठी. शिकवण्याची सक्ती नाही, पूर्ण वेळ संशोधन, असा तो प्रस्ताव होता. आइनस्टाइन आले.

पुढे १९२० मध्ये बर्लिनमध्ये आइनस्टाइन यांच्याविरोधात सभा घेऊन गरळ ओकली गेली, तेव्हा लाउए आणि रुबेन्स यांच्यासह नर्न्स्ट यांनी वृत्तपत्रांत निवेदन देऊन त्यांची बाजू घेतली. त्याच वर्षाचे रसायनशास्त्राचे नोबेल नर्न्स्ट यांना मिळाले. घोषणा १९२१ मध्ये झाली. मेघनाद साहा त्या सुमारास बर्लिनमध्ये नर्न्स्ट यांच्याच प्रयोगशाळेत होते. ताऱ्यांच्या प्रकाशाचा अर्थ लावणाऱ्या साहा यांच्या समीकरणाला नर्न्स्ट यांच्या रासायनिक समतोलाच्या कामाचा आधार होता.

महायुद्धात काय केले?

इथे ही गोष्ट काळवंडते आणि ती टाळून पुढे जाणे योग्य नाही.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा नर्न्स्ट ५० वर्षांचे होते. त्यांनी स्वतःची गाडी घेऊन लष्करात चालक म्हणून नाव नोंदवले आणि पश्चिम आघाडीवर निरोप पोहोचवण्याचे काम केले. जर्मन आक्रमणाचे समर्थन करणाऱ्या ९३ विद्वानांच्या जाहीरनाम्यावर त्यांचीही सही होती. लवकरच लष्कराने त्यांना रसायनांच्या कामावर घेतले. खंदकांतल्या सैनिकांना नाका-डोळ्यांना झोंबणाऱ्या भुकटीने बाहेर काढायचे, असे तोफगोळे त्यांच्या देखरेखीखाली तयार झाले आणि ऑक्टोबर १९१४ मध्ये न्यूव्ह-शापेलजवळ वापरले गेले. ते जवळजवळ निष्फळ ठरले. मात्र त्या वाटेवर पुढे हाबर यांचा क्लोरीन वायू आला आणि तो निष्फळ नव्हता. नर्न्स्ट यांचे काम त्या मानाने सौम्य होते, असे म्हणण्याचा मोह होऊ शकतो. तो मान्य करता येत नाही; रसायने युद्धात उतरवणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांत ते होते, हे खरेच आहे.

नर्न्स्ट दाम्पत्याला पाच मुले होती, दोन मुलगे आणि तीन मुली. दोन्ही मुलगे याच युद्धात मारले गेले.

युद्धानंतर १९२२ ते १९२४ ते जर्मनीच्या मोजमापांच्या सर्वोच्च संस्थेचे अध्यक्ष होते, नंतर बर्लिनला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. १९३० च्या सुमारास त्यांनी बेख्श्टाइन आणि सीमेन्स या कंपन्यांसह विजेवर चालणारा पियानो काढला. तारांचे कंपन चुंबकाने टिपायचे आणि रेडिओच्या ॲम्प्लिफायरने मोठे करायचे, अशी ती रचना होती. वादकांना ती फारशी पटली नाही.

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि त्याच वर्षी नर्न्स्ट निवृत्त झाले. त्यांच्या तीन मुलींपैकी दोघींचे नवरे ज्यू होते. त्या दोघींना देश सोडावा लागला. एक इंग्लंडला गेली, दुसरी ब्राझीलला. ज्या देशासाठी दोन मुलगे गेले, त्याच देशात दोन मुलींना जागा उरली नाही. नर्न्स्ट झिबेले येथील आपल्या शेतवाडीवर जाऊन राहिले, शिकार केली, तळ्यात कार्प मासे पाळले. गुरे पाळणे म्हणजे स्वतःच्या पैशाने विश्व तापवणे, त्यापेक्षा थंड रक्ताचे मासे बरे, असे त्यांचे गणित असल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. १८ नोव्हेंबर १९४१ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे अवशेष पुढे गॉटिंगनला नेण्यात आले.

सेन्सर गाडीत कधी आला?

नर्न्स्ट यांच्या कांडीतून वीज नेमकी कशी वाहते, हे कार्ल वाग्नर यांनी १९४३ मध्ये उलगडले. झिर्कोनियमच्या जाळीत यिट्रियमचे अणू बसवले की ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात. गरम झाल्यावर ऑक्सिजनचे आयन या रिकाम्या जागांवरून उड्या मारत पुढे सरकतात. म्हणजे हा पदार्थ फक्त ऑक्सिजनच्या आयनांना वाट देतो. त्याच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला धूर आणि दोन्हीकडे प्लॅटिनमचा सच्छिद्र थर ठेवला की १८८९ चे समीकरण १८९७ च्या सिरॅमिकवर चालू लागते.

कॅलिफोर्नियातल्या धुराच्या कडक नियमांमुळे याची गरज पडली. धुरातले तीन मुख्य विषारी घटक एकाच वेळी कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तेव्हाच नीट काम करतो, जेव्हा पेट्रोल-हवेचे प्रमाण १४.७ च्या अगदी जवळ राहते. बॉश कंपनीचा हा सेन्सर १९७६ मध्ये प्रथम व्होल्वोच्या गाडीत बसला. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाल्यावर तो पेट्रोलच्या दुचाकींपर्यंत पोहोचला.

मग तो संथ का होतो आणि कसे ओळखायचे?

सेन्सरच्या टोकावर, प्लॅटिनमच्या वर, आणखी एक सच्छिद्र संरक्षक थर असतो. धूर त्यातून झिरपत आत जातो. त्याची छिद्रे बुजली तरी व्होल्टेज शेवटी बरोबरच येते, पण उशिरा. १९०४ च्या सिद्धांतातला पातळ थर तो हाच, फक्त आता तो घाणीने जाड झाला आहे. छिद्रे बुजतात ती मुख्यतः चार कारणांनी : इंजिन उघडल्यावर चुकीचे सिलिकॉन सीलंट वापरले गेल्याने, कूलंट ज्वलनकक्षात गळत असल्याने, इंजिन ऑइल जळत असल्याने किंवा मिश्रण सतत रिच राहून काजळी धरल्याने. दुसरी वाट दिव्याची आहे : हीटर कमजोर झाला, सेन्सर पुरेसा तापला नाही, की आयन रेंगाळतात.

साध्या मल्टिमीटरने हा दोष सापडत नाही. तो सरासरी ०.४५ च्या आसपास दाखवतो आणि सगळे आलबेल वाटते. पाहायचा असतो तो आलेख. इंजिन पूर्ण गरम करून साधारण २,५०० आरपीएमवर धरावे आणि स्कॅनरवर पहिल्या सेन्सरचे व्होल्टेज आलेखात पाहावे. चांगला सेन्सर झपाझप खालीवर करतो, चढ-उताराच्या रेषा जवळजवळ उभ्या दिसतात. संथ सेन्सरच्या रेषा तिरक्या, टेकडीसारख्या होतात. ऑसिलोस्कोप असेल तर ०.३ ते ०.६ व्होल्ट हे अंतर कापायला लागणारा वेळ मोजता येतो. तो शंभर मिलिसेकंदांच्या बराच पुढे गेला तर शंका घ्यावी. अचूक मर्यादा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधली धरावी.

एक सावधगिरी मात्र हवी. मोबाइलला जोडायचे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर एकाच वेळी दहा गोष्टी दाखवायला लावले तर सेकंदाला एखादेच वाचन घेतात. अशा वेळी संथ सेन्सर नसून स्कॅनर असतो. बाकी सगळे बंद करून फक्त हे एक व्होल्टेज पाहावे. कन्व्हर्टरच्या पुढच्या, म्हणजे दुसऱ्या सेन्सरचा आलेख जवळपास सपाट असणे अपेक्षितच आहे. त्याला संथ समजून बदलू नये. काही नव्या गाड्यांत पहिला सेन्सर ‘वाइडबँड’ प्रकारचा असतो. त्यातही आत नर्न्स्ट सेल असतो, पण तो ०.१ ते ०.९ व्होल्टच्या उड्या दाखवत नाही. त्याला वरची कसोटी लागू नाही.

आलेख तिरका आला तरी लगेच पाना उचलू नये. आधी बाकीचे कोड पाहावेत. मिसफायर किंवा मिश्रणाचा कोड सोबत असेल तर ते काम पहिले. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टमध्ये बारीक लीकेज असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर विनाकारण बदनाम होतो. इंजिन थंड असताना सुरू करून मॅनिफोल्डच्या जोडापाशी ‘फट् फट्’ आवाज येतो का ते ऐकावे. मग हीटर : फ्यूज, कनेक्टरवर बॅटरीचे व्होल्टेज येते का आणि हीटरच्या दोन पिनांमधला रोध. थंड असताना तो सहसा काही ओहम असतो; मीटरने ‘ओपन’ दाखवले तर हीटर गेला. सिग्नलच्या पिनांवर ओहम मोजू नये, मीटरचा प्रवाह सेन्सरला इजा करू शकतो. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांत किटची एक वायर बऱ्याचदा याच सेन्सरच्या वायरला जोडलेली असते. तो जोड गंजला आहे का, तेही पाहावे.

चांगल्या वर्कशॉपमध्ये शेवटची परीक्षा प्रोपेनने घेतात. एअर इन्टेकमध्ये थोडा वायू सोडला की मिश्रण एकदम रिच होते, व्होल्टेजने ताबडतोब ०.८ च्या वर उडी मारायला हवी. मग वायू बंद करून एखादा व्हॅक्यूम पाइप क्षणभर काढला की ते ०.२ च्या खाली यायला हवे. दोन्हीकडे झटक्यात गेला तर सेन्सर चांगला आहे, दोष दुसरीकडे शोधावा. रेंगाळत गेला तर सेन्सरच संथ. हा प्रयोग घरी करू नये.

सेन्सर काढल्यावर टोक जरूर बघावे. पांढरी भुकटी असेल तर सिलिकॉन किंवा कूलंट, कोरडी काळी काजळी असेल तर जास्तीचे पेट्रोल, तेलकट थर असेल तर इंजिन ऑइल. हे मूळ कारण तसेच ठेवून नवा सेन्सर लावला तर त्याची छिद्रेही बुजतील, आणि बिल पुन्हा होईल. नवा बसवताना टोकाला हात किंवा ग्रीस लागू देऊ नये. अँटीसीझ लावायचेच असेल तर फक्त आट्यांवर, आणि बऱ्याच सेन्सरला ते कारखान्यातूनच लावलेले असते. कोड पुसल्यावर दिवा विझला म्हणून काम झाले असे होत नाही. गरम इंजिनावर, एकसारख्या वेगाने गाडी काही वेळ चालवावी लागते, तेव्हा ईसीयू सेन्सरची परीक्षा पुन्हा घेते. त्यानंतरही स्कॅनरवर कोड आला नाही, तरच पैसे द्यावेत.